एचडीएमआयवरचा मॉनिटर मिंटला दिसतच नाही, टाइप-सीवरचा मात्र चालतो

पत्रिकावाला, मिरज:

नमस्कार मंडळी. लग्नपत्रिका छापायचा धंदा आहे. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, त्याचा डेस्कटॉप सिनॅमन. ग्राफिक्स इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन्ही. बाहेर दोन मॉनिटर जोडलेत. टाइप-सीवरचा माझ्यासमोर असतो, त्यावर इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर. एचडीएमआयवरचा काउंटरवर, गिऱ्हाइकाकडे तोंड करून. खरं काम तोच करतो. वधूकडची चार माणसं समोर बसतात, स्क्रीनवर बोट ठेवून भावकीतलं एकेक नाव वाचतात. कुणाच्या आधी 'कै.' राहिलंय, कुणाच्या आधी चुकून पडलंय, सगळं तिथल्या तिथे निघतं. कागदावर प्रूफ काढणं मी बंदच केलंय.

सोमवारपासून हा मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवून झोपतो. केबल बदलली. मॉनिटर घरच्या सेट-टॉप बॉक्सला लावला, चालतो. लॅपटॉप सुरू करताना कंपनीचा लोगो त्यावर झकास येतो, मिंट वर आलं की अंधार. पेनड्राइव्हवरून लाइव्ह मिंट (इन्स्टॉल न करता) चालवलं तर पुन्हा दिसतो! त्या सुमारास अपडेट आले होते, त्यात कर्नलही (लिनक्सचा गाभा) होता, म्हणून जुन्या कर्नलवरून बूट करून बघितलं. काही फरक नाही.

संबंध असेल-नसेल, पण त्याच दिवशी घड्याळही काही वर्षं मागे गेलं होतं. ब्राउझर एक साइट उघडेना. नंतर ते आपोआप सरळ झालं.

लग्नसराई तोंडावर आहे आणि पाहुणे माझ्या खांद्यावरून वाकून प्रूफ वाचतायत. काहीतरी सुचवा.

पिक्सेलपंत:

स्क्रीनवर चित्र दाखवणारी जुनी यंत्रणा एक्स११ सोडा, नव्या वेलँडवर या. मल्टी-मॉनिटरचे निम्मे त्रास तिथेच संपतात.

संत्रानगरीचा पेंग्विन:

पंत, सिनॅमनचं वेलँड सत्र मिंट २१.३ पासून मिळतं, पण प्रायोगिक म्हणून. ऐन सीझनमध्ये दुकानदाराला त्यात कशाला ढकलता? आणि कार्डच जागं नसेल तर वेलँड तरी काय करणार.

पत्रिकावाले भाऊ, पहिले हे समजून घ्या. इंटेल-एनव्हिडिया अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं, टाइप-सी बहुतेकदा इंटेलला. एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोड झाला नाही की ते भोक लिनक्सच्या लेखी अस्तित्वातच नसतं. लोगो दिसतो, कारण तो लॅपटॉपच्या चिपमधलं फर्मवेअर दाखवतं, लिनक्स तेव्हा सुरूही झालेलं नसतं. लाइव्हमध्ये दिसतो, कारण तिथे नूव्हो नावाचा मोफत ड्रायव्हर कार्ड चालवतो. तुमच्या इन्स्टॉल केलेल्या मिंटमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना नूव्होला बंदी घातली गेली. आता एनव्हिडियाचाही चढत नसेल, तर कार्डाला वाली कोण?

टर्मिनलमध्ये तीन गोष्टी बघा. 'एक्सरँडर'ला 'लिस्टप्रोव्हायडर्स' हा पर्याय देऊन प्रोव्हायडर (चालू ग्राफिक्स कार्डं) एक येतो की दोन. 'एनव्हिडिया-एसएमआय' काय म्हणतं. आणि 'मॉकयुटिल'ला 'एसबी-स्टेट' देऊन सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय) चालू आहे की बंद.

आणि ते घड्याळाचं महत्त्वाचं आहे. लॅपटॉप एवढ्यात उघडला होता का कोणी?

पत्रिकावाला, मिरज:

प्रोव्हायडर एकच. एनव्हिडिया-एसएमआय म्हणतं ड्रायव्हरशी बोलता येत नाही. सिक्युअर बूट एनेबल्ड. मी तर मिंट टाकतानाच ते बंद केलं होतं!

आणि हो, पंखा वाजत होता म्हणून शनिवारी दुरुस्तीला दिला होता. बायोसचा (लॅपटॉपची मूळ सेटिंगं असतात ते) सेलही नवा टाकलाय म्हणाले.

संत्रानगरीचा पेंग्विन:

सापडलं. सेल काढला, तेव्हा घड्याळ गेलं आणि बायोसची सेटिंगं मूळपदावर आली. त्यात सिक्युअर बूट चालू झालं. ते चालू असताना मिंटचं कर्नल सही नसलेलं किंवा अनोळखी सहीचं मॉड्यूल, म्हणजे इथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर, चढू देत नाही. म्हणूनच जुनं कर्नलही कामाला आलं नाही, नियम दोघांना एकच. अपडेट बिचारं उगाच बदनाम झालं.

बायोसमध्ये जाऊन पुन्हा बंद करणं सोपं. पण त्याच लॅपटॉपवर टॅलीसाठी विंडोज ठेवलंय का? त्याची ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजचं कुलूप) बंद असेल, तर सिक्युअर बूट बदलल्यावर ते रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी हाताशी ठेवा.

माझं मत विचाराल तर ते चालूच राहू द्या आणि ड्रायव्हरची सही ओळखीची करून घ्या. सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) 'अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी' ही कमांड 'एनरोल-की' पर्यायासह चालवा. ती एक पासवर्ड ठरवायला सांगेल. साधा ठेवा, एकदाच लागतो. मग रीस्टार्ट. आता इथे नजर हटवू नका: निळा स्क्रीन येतो, कोणतंही बटण दाबा म्हणतो आणि दहापासून उलटे आकडे मोजतो. चहा घ्यायला उठलात की तो निघून जातो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. बटण दाबा, 'एनरोल मॉक' (मॉक म्हणजे तुमची सहीची किल्ली), 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, घाबरू नका.

पत्रिकावाला, मिरज:

दिसला! निळ्या स्क्रीनवर पहिलाच पर्याय 'कंटिन्यू बूट' होता, बोट तिकडेच चाललं होतं. पेंग्विनभाऊ, तुमच्या घरच्या पुढच्या कार्याची पत्रिका माझ्याकडून.

आता फक्त एक. काउंटरच्या मॉनिटरवर मोठी पत्रिका सरकवली की चित्र अडखळतं. माझ्यासमोरच्यावर नाही.

पिक्सेलपंत:

हे मला येतं. तुमचं ग्राफिक्स 'ऑन-डिमांड'वर असणार. तेव्हा चित्र इंटेल बनवतं आणि एचडीएमआयवर जाणारी प्रत्येक फ्रेम एनव्हिडियाकडे पोचवावी लागते. त्या हेलपाट्यात अडखळतं. खालच्या पट्टीत एनव्हिडियाचं चिन्ह आहे, त्यावरून 'परफॉर्मन्स' मोड घ्या आणि सांगेल तसं लॉगआउट किंवा रीस्टार्ट करा. बॅटरी लवकर उतरेल, पण दुकानात चार्जर लावलेलाच असतो ना?

मोड बदलल्यावर पोर्टांची नावंही बदलतात, त्यामुळे सिनॅमनला तुमची जुनी मांडणी ओळखू येणार नाही. पॅनेल कदाचित गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर जाऊन बसेल. डिस्प्ले सेटिंगमध्ये चौकोन पुन्हा ओढून जागेवर ठेवा, तुमच्यासमोरचा प्रायमरी करा आणि 'अप्लाय' केल्यावर 'कीप' म्हणायला विसरू नका, नाहीतर थोड्या वेळाने सगळं परत होतं तसं होईल.