ड्राइव्ह माय कार: काफुकू गप्प बसला हा मोठेपणा की पळपुटेपणा?

कडीकोयंडा:
आधीच सांगते, खाली सगळी स्टोरी फोडलेली आहे, बघायचा असेल तर बघून या आणि मग भांडायला या. १७९ मिनिटांचा आहे, मोबाईल लांब ठेवून बघा.

दिग्दर्शक हामागुचीचा हा पिक्चर २०२१ चा, पुढच्या वर्षी ऑस्करही मिळालं, आणि तेव्हापासून ज्याच्याशी बोलावं तो म्हणतो काफुकू काय समंजस, किती सोसलं बिचाऱ्याने. मला हे जराही पटत नाही. हा नाटकवाला, बायको ओतो टीव्हीसाठी लिहिणारी, एकुलती एक मुलगी चार वर्षांची असताना न्यूमोनियाने गेलेली. एक दिवस व्लादिवोस्तोकची फ्लाइट रद्द होते, हा घरी परत येतो तर बायको दुसऱ्याच कुणाबरोबर, आरशात दिसतं याला. आवाज न करता दार लावून निघून जातो. इथपर्यंत समजू शकते, धक्काच तसा आहे. पण मग हॉटेलात बसून व्हिडिओ कॉलवर तिला पोचलो म्हणून सांगतो! म्हणजे खोटं ती एकटीच बोलत नव्हती ना. आणि पुढे एका सकाळी ती म्हणते, संध्याकाळी जरा बोलायचंय, तर हा काही काम नसताना उगाच गाडी फिरवत बसतो, उशिरा घरी येतो, ती मेंदूतल्या रक्तस्रावाने पडलेली. याला सोसणं म्हणायचं? माझ्या मते ही सरळ सरळ भीती आहे, आणि पिक्चर तिला छान लायटिंग देऊन विकतो.

निशाचर:
असहमत. मुलगी गेल्यावर त्या दोघांकडे उरलं काय होतं? ती रात्री गोष्ट रचते, सकाळी तिला काही आठवत नाही, हा ती परत सांगतो आणि त्यातून तिच्या स्क्रिप्ट होतात. त्यांचा संसार त्या गोष्टींवरच चालू होता. तिच्या आयुष्यात बाकीचे पुरुष आहेत हे त्याला आधीपासून माहीत होतं, आरशात दिसलं म्हणून कळलं असं नाही. विचारलं असतं तर उरलेलंही गेलं असतं. आपल्याकडे काय, लोकांना वाटतं दणक्यात भांडण झालं म्हणजे नातं खरं, असं काही नसतं हो. काही घरं न बोलण्यावर पण चांगली चालतात.

उंडगा:
तीन तास!! दोघांनी एकदा चहा टाकून समोरासमोर बसायचं ठरवलं असतं तर वीस मिनिटांत संपला असता. गाडी मात्र भारी, लाल साब ९००.

कडीकोयंडा:
@निशाचर, "चांगली चालतात" कुणासाठी? ती स्वतःहून बोलायचंय म्हणाली होती. म्हणजे तिच्यासाठी तरी चालत नव्हतं. शिवाय मी म्हणतेय ते तो स्वतःच कबूल करतो, होक्काइडोच्या बर्फात त्याची ड्रायव्हर मिसाकी हिच्यासमोर, की नीट दुखावून घ्यायला हवं होतं, ते टाळलं. मग प्रेक्षकांना त्याची वकिली करायची एवढी घाई का?

खारे दाणे:
इथे एक मुद्दा कुणीच आणला नाही. मुराकामीच्या मूळ कथेत बायको कॅन्सरने जाते. म्हणजे विचारायला वेळ होता, तरी नवऱ्याने विचारलं नाही. हामागुचीने तिथे अचानक मरण आणलं आणि ती 'संध्याकाळी बोलू' वाली संध्याकाळ त्याच्या माथी मारली. लवकर घरी परतून बायकोला पकडणारा नवरा आणि ते 'दुखावून घ्यायला हवं होतं' हे तर त्याच संग्रहातल्या दुसऱ्याच कथेतून उचललंय. थोडक्यात दिग्दर्शकाने मुद्दाम त्याला जास्त गुन्हेगार केलंय. त्यामुळे पिक्चर त्याची भीती विकतो हे काही पटत नाही, उलट पिक्चरच त्याच्यावर खटला चालवतोय.

अवांतर: जपानी दिग्दर्शक ओझूचा १९५२ चा पिक्चर ग्रीन टी ओव्हर राइस बघा. तिथेही नवरा विमानात बसून गेलेला असतो, बिघाड होतो, विमान परत येतं, तोही रात्री घरी येतो. बायको आधी त्याला कंटाळलेली, मैत्रिणींत त्याची टिंगल करणारी. पण त्या रात्री मोलकरीण झोपलेली म्हणून दोघं स्वतःच स्वयंपाकघरात शिरतात, कुठे काय ठेवलंय ते शोधतात, भातावर चहा ओतून खातात आणि बोलतात. विमान दोन्हीकडे दगा देतं, पण एक नवरा घरात येतो आणि दुसरा उंबऱ्यातून मागे फिरतो. मला हामागुचीचा पिक्चर त्या प्रसंगानंतर जास्त कळला, त्याच्या डोक्यात ओझू असेल नसेल तो भाग वेगळा.

माजघर:
सगळे काफुकू काफुकू करताय, ओतोचं काय? पहिली चाळीस मिनिटं ती आहे, मग टायटल्स येतात, आणि पुढे ती फक्त कॅसेटवरचा आवाज. चेकॉव्हच्या अंकल वान्या नाटकातले बाकीच्यांचे संवाद ती म्हणते आणि मधल्या जागेत हा गाडीत वान्याचे म्हणतो. मेलेली बायको, आणि तीही त्याच्यासाठी तालीम करून देतेय. तिची बाजू कुणी विचारतच नाही. शेवटी पुरुषाला पश्चात्ताप व्हावा म्हणून एक बाई मारायची आणि त्याला सावरायला दुसरी, तेवीस वर्षांची ड्रायव्हर द्यायची, जिचं वय नेमकं त्याच्या मुलीएवढं. सोयीस्कर आहे हे.

निशाचर:
तिची बाजू आहे की, ऐकायची तयारी हवी. गाडीतला तो लांबलचक सीन आठवा, ताकात्सुकी, तो तरुण नट, मागच्या सीटवर बसून ओतोच्या गोष्टीचा शेवट सांगतो, जो नवऱ्याला माहीतच नव्हता. त्या गोष्टीतली शाळकरी मुलगी घरात शिरलेल्या चोराला मारते, दुसऱ्या दिवशी काहीच घडलेलं नसतं, फक्त त्या घरावर कॅमेरा लागलेला, आणि ती त्या कॅमेऱ्याकडे बघून मीच मारलं म्हणते. कुणीतरी बघावं, पकडावं, एवढंच मागतेय ती! आता ही ओतोची बाजू नाही तर काय?

माजघर:
आणि ती कोण सांगतं? तिचा प्रियकर. कुणाला? तिच्या नवऱ्याला. झालं ना मग माझंच म्हणणं सिद्ध.

कडीकोयंडा:
@निशाचर, अहो तुम्हीच माझ्या बाजूने बोललात की. ती पकडलं जायची वाट बघत होती आणि नवऱ्याने आरशात बघूनसुद्धा पकडलं नाही. तुमचं ते न बोलण्यावर चालणारं घर तिला नको होतं.

निशाचर:
नको होतं हे तुम्ही एका गोष्टीवरून ठरवताय. मिसाकी उलटं म्हणते, ओतोचं नवऱ्यावर मनापासून प्रेम होतं आणि तिला दुसरे पुरुषही हवे होते, यात काही गूढ नाही, दोन्ही खरं मानून घ्या. मला ते जास्त पटतं. आणि ती संध्याकाळी काय बोलणार होती ते पिक्चर शेवटपर्यंत सांगत नाही, कदाचित ती सोडूनच जाणार असेल.

खारे दाणे:
सोडून जाणार असेल तरी त्याने सहा वाजता घरी यायला हवं होतं.

उंडगा:
+१, आणि आता मी ओझूवाला लावतो, तो तरी किती तासांचा आहे ते सांगा.