प्रतिसाद: ॲसिड नको, आधी जाळी बघा

शॉवरची भोकं क्षारांनी बुजली की टॉयलेट क्लीनर ओता किंवा व्हिनेगर वापरा, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. त्यातला टॉयलेट क्लीनरचा सल्ला कृपया कोणी पाळू नका. क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड क्षारांबरोबर क्रोमचा मुलामाही खातं. व्हिनेगरबद्दल मात्र सहमत. पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं पिशवीत भरून शॉवरला रबरबँडने बांधा, अर्धा तास पुरे. सोनेरी किंवा काळ्या फिनिशला तेही नको. आणि त्याच वेळी ब्लीच अजिबात वापरू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

त्या पोस्टमध्ये राहून गेलेली गोष्ट म्हणजे शॉवरच्या मानेतली, म्हणजे तो पाइपाला जोडतो तिथली, जाळी. ठाण्यात घोडबंदर रोडला जिथे टँकर-बोअरवेलचं पाणी येतं तिथे क्षारांचा त्रास असतोच, पण सोसायटीची टाकी धुतल्यानंतर अचानक धार मंदावली तर बहुतेक वेळा जाळीत रेती अडकलेली असते. व्हिनेगरने रेती विरघळत नाही! कॉक बंद करून शॉवर हाताने फिरवून काढा; पान्हा लावावाच लागला तर फडकं गुंडाळून. जाळी जुन्या टूथब्रशने धुवा, शॉवर नसतानाच पाणी पाच-दहा सेकंद सोडा, म्हणजे पाइपातला गाळ निघेल. बसवताना टेफलॉन टेपचे नवे ३-४ वेढे पाइपाच्या आट्यांवर, पाइपाच्या तोंडाकडून बघत, घड्याळाच्या दिशेने घ्या, उलटे घेतलेत तर शॉवर आवळताना टेप सुटत जाते आणि जोड गळतो.