खाऱ्या हवेने गंजलेले बॉनेटचे लॉक : जुन्या पिकअपसाठी सल्ला हवा आहे

मिरकरवाडा_पिकअप

नमस्कार. माझी २००५ सालची डिझेल पिकअप रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला मासळी पोहोचवते. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्री घालून उभी होती. आता तेल-पाणी तपासायचे म्हणून बॉनेट उघडायला गेलो, तर स्टेअरिंगखालचा खटका अतिशय जड लागतो, बोटभर सरकतो आणि तिथेच अडतो. बॉनेट जागचे हलत नाही.

दुखणे आजचे नाही. मे महिन्यातच बॉनेट एका वेळी बसत नव्हते, दोन-तीनदा आपटावे लागत होते. एकदा घाट उतरताना ते मुख्य लॉकमधून सुटले आणि बॉनेटखालच्या दुसऱ्या, सुरक्षेच्या खटक्यावर अडकून राहिले. तो खटका नसता तर बॉनेट थेट काचेवर येऊन आदळले असते, आणि त्या वळणावर मला समोरचे काहीही दिसले नसते. त्यामुळे या वेळी मला तात्पुरता उपाय नको आहे. पत्रा न वाकवता बॉनेट कसे उघडावे, आणि लॉक दुरुस्त करावे की बदलावे, हे कृपया सांगावे. सुट्या भागांच्या दुकानात मिळालेल्या नव्या लॉकची भोके माझ्या गाडीच्या भोकांशी जुळत नाहीत.

कोल्हापूर_मेस्त्री

दादा, खटका जड लागतो आहे याचा अर्थ केबलची तार अजून शाबूत आहे. ती तुटली असती तर खटका सैल होऊन हातात आला असता. म्हणून आता जोर लावून ती तोडू नका. स्क्रूड्रायव्हर किंवा पहार घालून बॉनेटची कडा उचकटण्याचा मोह तर मुळीच नको, कारण एकदा वाकलेली कडा पुन्हा नीट बसत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना आणि चावी काढून घेतल्यावर ग्रिलच्या फटीतून टॉर्चने लॉक नेमके कुठे आहे ते पाहा. गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाच्या डब्याला बारीक नळी लावून लॉकच्या आकड्यावर (बॉनेट धरून ठेवणाऱ्या हुकावर) आणि त्याच्या रिबिटीवर तेल सोडा, आणि रात्रभर थांबा. बहुतेक जण पाच मिनिटांत खटका ओढून पाहतात आणि तेलाला दोष देतात. सकाळी पुन्हा तेल सोडून दोघांनी मिळून काम करा: एकाने बॉनेटचा पुढचा भाग दोन्ही तळव्यांनी लॉकच्या बरोबर वरून खाली दाबायचा, आणि त्याच क्षणी दुसऱ्याने आत बसून खटका ओढायचा. बॉनेटखालची स्प्रिंग खिळ्याला, म्हणजे बॉनेटच्या खालून येऊन लॉकमध्ये अडकणाऱ्या दांड्याला, सतत वर ढकलत असते, त्यामुळे खिळा आकड्यात घट्ट रुतलेला असतो. वरून दाबल्यावर तो ताण जातो आणि अर्धवट गंजलेला आकडासुद्धा सरकतो. एवढ्यानेही उघडले नाही तर ग्रिल काढून लॉकचे बोल्ट समोरून गाठावे लागतील.

मिरकरवाडा_पिकअप

आपले आभार मानावे तेवढे थोडेच आहेत. तिसऱ्या प्रयत्नात बॉनेट उघडले. पुतण्याने वरून दाबले आणि मी खटका ओढला. आत पाहिले तर लॉकचा आकडा तपकिरी पापुद्र्यांनी भरला आहे, स्प्रिंग हलते पण सुस्त आहे, आणि लॉक ज्या आडव्या पट्टीवर बसते तिच्या उजव्या बोल्टाजवळ पत्रा फुगला आहे. एक गोष्ट मात्र कळत नाही. माझ्या पेट्यांचे पाणी मागे हौद्यातून गळते, मग गंज पुढे एवढा कसा लागला?

निवृत्त_फिटर

ते पाणी आपले नसून आपल्या पुढच्या गाडीचे असावे. बंदरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीतून बर्फाचे खारे पाणी रस्त्यावर गळते, आणि मागून येणाऱ्याच्या ग्रिलवर ते चाकांनी उडते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचेही लोखंड ओलेच राहते. त्यावर घातलेल्या ताडपत्रीने तो ओलावा आत कोंडून ठेवला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. बोल्टाजवळचा पत्रा फुगला तो त्यामुळेच, आणि आकडा रिबिटीवर आवळला गेला तोही त्यामुळेच.

आता लॉकविषयी. काढण्यापूर्वी त्याच्या कडेने पट्टीवर खूण ओरखडून ठेवा, म्हणजे परत बसवताना अंदाजाने चाचपडावे लागणार नाही. असे लॉक बहुधा रिबिटींनी जोडलेले असते, ते सुटे होत नाही, आणि वायर ब्रश रिबिटीच्या आत पोहोचत नाही. तिथे मी धुण्याच्या सोड्याची आणि बॅटरी चार्जरची पद्धत वापरत आलो आहे. प्लास्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी घेऊन त्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवावा, लॉक चार्जरच्या ऋण टोकाला आणि एखादा जुना लोखंडी पत्रा धन टोकाला जोडावा, दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत, आणि रात्रभर विजेवर ठेवावे. हे काम उघड्यावरच करावे, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो. पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. स्प्रिंग मात्र आधी काढून बाजूला ठेवावी, कारण हायड्रोजन शोषून कडक पोलाद ठिसूळ होते. ती ब्रशने साफ करावी, आणि तिच्यावर खड्डे पडले असतील तर नवीच घ्यावी.

बाहेर काढल्यावर लॉक गरम पाण्याने धुऊन लगेच सुकवावे, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर चढतो. मग रिबिटीत तेल सोडून आकडा हाताने शंभरदा तरी हलवावा, आणि सरकणाऱ्या पृष्ठभागांवर ग्रीस लावावे.

कोल्हापूर_मेस्त्री

काकांची पद्धत मला मान्य आहे, पण तिला एक अट जोडावीशी वाटते. साफ केल्यावर आकडा रिबिटीवर डावी-उजवीकडे डुलत असेल, किंवा खिळा जिथे अडकतो ती धार झिजून गोल झाली असेल, तर ते लॉक कितीही चकचकीत झाले तरी घाटात नेऊ नये. अशा वेळी जुन्या गाड्यांच्या बाजारातून त्याच मॉडेलचे चांगले लॉक शोधावे. न जुळणाऱ्या नव्या लॉकला भोके पाडून ते बसवले, तर खिळा आकड्याच्या मध्यावर येत नाही आणि तुमचे मूळ दुखणे तसेच राहते.

मला जास्त काळजी त्या फुगलेल्या पत्र्याची वाटते. हातोडीच्या टोकाने हलके ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर गंज घासून, फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक लावून, त्यावर झिंक प्रायमर आणि रंग द्या. हे आम्ल लॉकच्या रिबिटीत मात्र जाऊ देऊ नका, कारण तिथून ते धुऊन निघत नाही. आवाज बद्द आला किंवा पत्रा आत गेला, तर तो भाग कापून नवा तुकडा वेल्डिंग केल्याशिवाय पर्याय नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडा. लॉक कितीही मजबूत असले तरी ते कुजलेल्या पट्टीवर बसवले तर बोल्टासकट उपटून येते.

केबल नवीच टाका. लॉकच्या मानाने ती स्वस्त असते. आणि परत बसवल्यावर बॉनेट बंद करण्याची घाई करू नका. बॉनेट उघडे असतानाच स्क्रूड्रायव्हरने आकडा दाबून लॉक लावा आणि आतून खटका ओढून तो सुटतो का, हे चार-पाच वेळा पाहा. ही तपासणी न करता बंद केलेली बॉनेटे उघडण्यात मी पुष्कळ दुपारी घालवल्या आहेत. त्यानंतर लॉकचे बोल्ट अर्धवट आवळून बॉनेट हळू खाली आणा, म्हणजे खिळा लॉकला स्वतःच मध्यावर आणतो, आणि मग ते पूर्ण आवळा. खिळ्याची उंची त्याच्या लॉकनटाने जुळवता येते: खिळा आखूड झाला तर बॉनेट आपटावे लागते, आणि लांब राहिला तर ते सैल राहून थडथडते.

मिरकरवाडा_पिकअप

दोघांनाही कळवतो. पट्टीचा उजवा भाग ठोकताच आत गेला, तेव्हा हातभर लांबीचा तुकडा कापून नवा जोडून घेतला. लॉक एक रात्र सोड्याच्या पाण्यात ठेवले. धार शाबूत निघाली आणि आकडाही डुलत नाही, म्हणून जुनेच लॉक ठेवले. स्प्रिंग आणि केबल नवी टाकली. खिळा दीड फेरा खाली आणल्यावर बॉनेट आता वीतभर उंचीवरून सोडले की एकाच आवाजात बसते. दुसऱ्या खटक्याची स्प्रिंगही ढिली झाली होती, हे साफसफाईत लक्षात आले. त्या दिवशी घाटात त्याने कसे धरून ठेवले, देव जाणे. तीही बदलली.

ताडपत्री काढून टाकली आहे. कोल्हापूरहून परतल्यावर ग्रिलमधून गोड्या पाण्याची नळी मारायची आणि दर पंधरा दिवसांनी लॉकवर ग्रीस लावायचे, हे काम पुतण्याने अंगावर घेतले आहे.