.२७० चा ग्रुप एका आठवड्यात ०.६ इंचावरून १.७ वर गेला. हँडलोडमध्ये चुकतंय कुठे?

रानवाट_मिझुला

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मोंटानात येऊन मला अकरा वर्षं झाली, त्यातली सहा वर्षं एल्कच्या शिकारीला जातोय. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून थोराड हरीण. एक मिळालं की आमच्या घरी वर्षभर दुसरं मटण आणावं लागत नाही.

हा खटाटोप कशासाठी ते आधी सांगतो. गेल्या नोव्हेंबरात १८० यार्डांवरून मारलेली माझी गोळी फुप्फुसांऐवजी मागे, पोटात लागली. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला, पण मादी सापडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, देवदारांच्या खाली. ती रात्र तिने कशी काढली असेल हे डोक्यातून जात नाही. चूक माझ्या हाताची होती की रायफलची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. निदान रायफलवरचा संशय तरी मिटवायचाय.

रायफल जुनी, सेकंड हँड घेतलेली. .२७० विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन, लाकडी दस्ता, पातळ बॅरल. विकतच्या काडतुसांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, १०० यार्डांवर दोन इंच यायचा, म्हणून मार्चपासून काडतुसं घरी भरायला (हँडलोड) लागलो. वडील किर्लोस्करवाडीत टर्नर होते, त्यामुळे व्हर्निअर आणि मायक्रोमीटर मला लहानपणापासून ओळखीचे. मोजमापात हयगय करत नाही. एकाच कंपनीच्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं), सगळ्या एका लांबीला कापलेल्या, तोंडं आतून-बाहेरून साफ केलेली. गोळी शिशाच्या गाभ्याची, १३० ग्रेन (गोळी आणि पावडर तोलायचं छोटं एकक). पावडर प्रत्येक वेळी काट्यावर तोललेली.

मॅन्युअलमधल्या पावडरच्या कमाल वजनाच्या दहा टक्के खालून सुरुवात केली आणि ०.४ ग्रेनच्या आठ पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीला तीन गोळ्या. सहावी पायरी ०.६ इंचात गेली! बाकीच्या एक ते दीड इंचाच्या आसपास. आनंदाच्या भरात तशीच चाळीस काडतुसं भरून ठेवली. पुढच्या रविवारी त्यांचेच तीन ग्रुप मारले: १.७, १.३ आणि ०.९. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) वेगात फारसा फरक नाही, दहा गोळ्यांत सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद यांच्यात ३४ फूट प्रति सेकंद.

आता काय बदलू? पावडर? गोळी आणखी पुढे, बॅरलमधल्या आट्यांजवळ (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) बसवू? की सरळ तांब्याच्या गोळीकडे जाऊ? घरात सात वर्षांची मुलगी हेच मटण खाते, त्यामुळे शिशाचा विचार मनात येतोच. सीझन ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो. हाताशी नऊ आठवडे आहेत, आणि सध्या वणव्यांच्या धुराने रेंजवरचा कागदसुद्धा धड दिसत नाही.

तांबट (फ्रेस्नो, कॅलिफोर्निया)

रानवाट, तुझ्या सहाव्या पायरीत काही बिघडलं नाही. ती पहिल्यापासून अशीच होती. त्या दिवशी तीन गोळ्या शेजारी शेजारी पडल्या, एवढंच.

हे आकड्यांत बघ. समज तुझ्या रायफलीच्या तीन गोळ्यांच्या ग्रुपची खरी सरासरी १.२ इंच आहे. अशा रायफलीचे साधारण दोन तृतीयांश ग्रुप पाऊण ते १.६५ इंचांच्या मध्ये येतात आणि उरलेले त्याच्याही बाहेर. काहीही न बदलता! तुझे ०.६, ०.९, १.३ आणि १.७ हे चारही आकडे अशा रायफलीकडून सहज येऊ शकतात. शिवाय तू आठ ग्रुपांमधला सगळ्यात लहान उचललास. आठ वेळा फासे टाकले तर एकदा तरी चांगलं दान पडणारच. मीसुद्धा या नादात सलग दोन उन्हाळे आणि किलोवारी पावडर घालवली आहे, म्हणून इतक्या तळमळीने लिहितोय.

तर आता पावडरला हात लावू नकोस. उरलेल्या चाळीसांतली दहा काडतुसं एकाच कागदावर मार. तीन मारायची, बोल्ट उघडा ठेवून पंधरा मिनिटं बॅरल गार होऊ द्यायची, मग पुढची तीन. पातळ बॅरल तापली की गोळी लागायची जागा सरकते. मी वर धरलेली सरासरी खरी असेल तर दहांचा ग्रुप १.९ इंचाच्या आसपास येईल. बघून निराश होऊ नकोस. तो पहिला खरा आकडा असेल.

पण त्याआधी रायफल रिकामी करून टेबलावर घे आणि सगळे स्क्रू तपास. आधी दुर्बिणीच्या बेसचे, मग रिंगांचे, मग दस्त्याचे. टॉर्कच्या पान्यानेच (आवळायचा जोर मोजणारा पाना) आवळ, मनगटाच्या अंदाजाने नको. बॅरल आणि लाकूड यांच्यामधून डॉलरची नोट सरकवून बघ. मध्येच अडकली तर लाकूड बॅरलला टेकतंय, आणि हवा दमट झाली की ते आणखी टेकेल. रेंजवर उशी दस्त्याखाली ठेवतोस ना? बॅरलखाली कधीच नको.

पुंगळीबद्दल तू लिहिलं नाहीस. डाय (वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) शेलहोल्डरला, म्हणजे पुंगळी धरणाऱ्या खोबणीला, टेकेपर्यंत खाली आणतोस का? मग खांदा, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तो उतार, गरजेपेक्षा जास्त मागे जात असेल. खांदा ०.००२ इंच मागे गेला की पुरे. बोल्ट सहज मिटतो आणि पुंगळीही जास्त दिवस टिकते. फक्त मान (गोळी धरणारा अरुंद भाग) मापात आणून भरू नकोस. चिखलात आणि थंडीत बोल्ट अडला तर समोरचं जनावर वाट बघत थांबत नाही.

आट्यांच्या जवळ जायचा मोह शिकारीच्या रायफलीत टाळ. .२७० च्या काडतुसाची ठरलेली कमाल लांबी ३.३४० इंच. त्यापुढे गेलास तर मॅगझिनमध्ये बसणार नाही. आणि गोळी आट्यांत रुतून बसली, तर संध्याकाळी रायफल रिकामी करताना पुंगळी एकटीच बाहेर येते, गोळी बॅरलमध्ये राहते आणि पावडर सगळ्या अ‍ॅक्शनमध्ये सांडते. एका मित्राचा सीझनचा पहिला दिवस असा गेलेला मी पाहिला आहे.

आता तांबं. आमच्याकडे १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. मेलेल्या जनावरांतलं शिसं खाऊन कॉन्डर गिधाडं मरत होती, त्यातून हा कायदा आला. सुरुवातीला मलाही जड गेलं, आज मी आपणहून परत शिशाकडे जाणार नाही. मटणाचे एक्स-रे बघ, शिशाचे कण जखमेपासून किती लांब पसरतात ते दिसतं. मुलगी खाते म्हणतोस, तर हा बदल जरूर कर. मात्र तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त जागा खाते. पावडरचं जुनं वजन तिला लावू नकोस. त्या गोळीचा स्वतःचा डेटा घे आणि पुन्हा तळापासून वर ये. बोल्ट जड उघडला किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणारी खिळी) चकचकीत ठसा उमटला की तिथेच थांब, मॅन्युअलची कमाल यायची असली तरी. तांब्याच्या गोळीला आट्यांपासून अंतर आवडतं, ०.०५० इंचापासून सुरू कर. गोळी बदलण्याआधी बॅरलमधला जुना तांब्याचा थर पूर्ण काढ.

पन्नास_मीटर (कोल्हापूर)

मी .२२ वाला, म्हणजे निशाणेबाजीच्या छोट्या रायफलीचा. आमच्या काडतुसात प्राइमरचं (पावडर पेटवणारं) मिश्रण पुंगळीच्या रिममध्येच असतं, त्यामुळे घरी भरायचा प्रश्नच नाही. आम्ही लॉट (एकाच खेपेत बनलेली काडतुसं) शोधतो. रायफल पकडीत घट्ट बसवून एकेका लॉटच्या गोळ्या ५० मीटरवर मारायच्या आणि जो जमेल तो पेट्यांनी घ्यायचा. तिथेही तीन गोळ्यांवर कोणी लॉट ठरवत नाही. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य आणलं, त्या प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे लॉट महत्त्वाचा. पण रानवाट, एल्कच्या छातीतली मर्माची जागा फुटाहून मोठी. तुम्ही टेबलावर बसून मारलेल्या गोळ्यांचा हिशोब दिलात, नुसतं जमिनीवर बसून मारलेल्यांचा नाही. ती १८० यार्डांची गोळी कुठल्या पोझिशनमधून मारली होती?

दक्षिण_आल्प्स (न्यूझीलंड)

मी इथे ताहर मारतो. हे हिमालयातलंच रानबकऱ्यासारखं जनावर, १९०४ मध्ये इथल्या डोंगरात आणून सोडलेलं. माझी एकच भर. शिकारीत पहिली गोळी नेहमी गार बॅरलमधून जाते, तेव्हा तीच मोजा. मी दर शनिवारी रेंजवर पोचलो की पहिली गोळी एकाच राखून ठेवलेल्या कागदावर मारतो आणि शेजारी तारीख लिहितो. दहा शनिवारांनंतरचा कागद माझ्या रायफलीबद्दल जे सांगतो ते कुठलाच ग्रुप सांगत नाही. आणि तुमचा लोड (गोळी आणि पावडरची जुळणी) उन्हाळ्यात तयार झालाय, शिकार शून्याखाली. काही पावडरी थंडीत बऱ्याच मंदावतात. पहिला बर्फ पडला की झिरो, म्हणजे दुर्बिणीचं निशाण आणि गोळी यांचा मेळ, पुन्हा तपासा.

रानवाट_मिझुला

तीन आठवड्यांनी लिहितोय, धूर आता निवळलाय.

तांबटकाका, दुर्बिणीच्या पुढच्या बेसचा एक स्क्रू सैल निघाला, जवळजवळ पाव वळसा. डॉलरची नोट मात्र शेवटपर्यंत सरकली. डायबद्दल तुमचा अंदाज बरोबर होता, खांदा ०.००६ मागे जात होता. स्क्रू आवळून तुम्ही सांगितल्याप्रमाणे दहा गोळ्या मारल्या: १.६ इंच. आणि त्या दहांचा मध्य निशाणाच्या पाऊण इंच डावीकडे! मी झिरोसुद्धा तीनच गोळ्यांवर लावला होता. आता २५० यार्डांवर हाच ग्रुप चार इंचांचा होतो, आणि त्यापुढे मी मारतच नाही.

पन्नास_मीटर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: गुडघ्यावर, धावत चढून आल्यावर, धाप लागलेली असताना. परवा त्याच पद्धतीने, दोनशे पावलं चढ चढून, १०० यार्डांवर पाच गोळ्या मारल्या. अकरा इंच. मग जमिनीवर बसून, काठीचा आधार घेऊन पाच. पाच इंच. रायफल तीच, काडतुसं तीच.

कागद फ्रिजवर लावून ठेवलाय. तांब्याच्या गोळ्यांची पेटी आली आहे. मुलीने दोन्ही गोळ्या व्हर्निअरवर मोजून कुठली लांब ते मला सांगितलं. तो लोड मी पुढच्या वसंतात सावकाश करीन. या वर्षी मुलीच्या ताटात काय वाढायचं हा प्रश्न उरतोच, म्हणून एल्क मिळाला तर जखमेभोवतीचं मांस हातभर टाकून द्यायचं ठरवलंय. उरलेल्या काडतुसांपैकी बहुतेक सरावाला, सगळी बसून, काठीवर, चढ चढून आल्यावर. रविवारी पहिली पाच.