शब्दचर्चा : 'गूज'ला मराठीत काय म्हणावं? हंस, राजहंस, कलहंस की कादंब?

प्रश्न

आम्ही लंडनमध्ये राहतो, घरात मराठीच बोलतो. हाइड पार्कातल्या सर्पेंटाईन तलावावर किंवा सेंट जेम्स पार्कात गेलो की लेकीचे प्रश्न सुरू होतात. स्वान म्हणजे हंस, डक म्हणजे बदक, इथवर ठीक. पण गूज? मी 'मोठं बदक' म्हणते, ते तिला अजिबात पटत नाही. ओळखीत विचारलं तर कुणी हंस म्हणतं, कुणी राजहंस, कुणी कलहंस. घरात रोज वापरता येईल असा शब्द सुचवाल का?

उत्तर

ताई, लेकीचं बरोबर आहे. गूज म्हणजे मोठं बदक नव्हे. मान बदकापेक्षा लांब, हंसापेक्षा आखूड. पाय शरीराच्या मध्याकडे असल्यामुळे तो जमिनीवर नीट चालतो आणि गवत खुडून खातो. सेंट जेम्स पार्कातल्या हिरवळीवर कॅनडाचे गूज तासन्‌तास चरत असतात ते यामुळेच. तिन्ही पक्षी एकाच कुळातले, पण वेगळे.

मराठीत रोजच्या बोलण्यातला शब्द नाही, याचं कारण महाराष्ट्रात हा पक्षी फारसा कुणी पाळला नाही. परसात कोंबड्या असायच्या, कुठे बदकं असायची. म्हणून तर इंग्रजीत सोन्याची अंडी गूज घालते आणि आपल्याकडे कोंबडी.

गंमत म्हणजे मुळातला 'हंस' हाच गूज आहे. संस्कृत हंस, लॅटिन आन्सेर, जर्मन गान्स आणि इंग्रजी गूज हे सगळे एकाच धातूपासून फुटलेले सख्खे शब्द. आपल्या देशात स्वान जवळजवळ येतच नाही; वायव्येकडे एखाद्या कडक हिवाळ्यात चुकून येतो, तेवढाच. उलट गूज दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतात. म्हणजे जुन्या साहित्यातला हंस हा बऱ्याच ठिकाणी गूजच असणार. पुढे इंग्रजी गोष्टींची भाषांतरं आली, चित्रांत लांब वळणदार मानेचा पांढरा पक्षी आला, आणि हंस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्वान उभा राहू लागला. ही सवय आता मोडणार नाही, आणि मोडू नये असं माझं मत आहे.

माझी सूचना : स्वानला राजहंस, गूजला कलहंस, डकला बदक. 'कल' म्हणजे अस्फुट मधुर आवाज. गूजचा आवाज मधुर आहे का यावर वाद होईल, पण थवा उडताना सतत बोलत असतो हे लंडनमध्ये कुणीही ऐकू शकतं. लंडनचा नेहमीचा स्वान मात्र मूक हंस. तो फुत्कारतो, घुरघुरतो, उडताना त्याच्या पंखांचा घुमणारा आवाज होतो. पण थव्याचा असा कलकलाट तो करत नाही. एक मूक, एक कल, हा फरक मुलीलाही लगेच कळेल.

'गूज' हा शब्द तसाच घ्यायला माझा विरोध आहे. आपल्याकडे गूज म्हणजे मनातली गोष्ट, हितगूज. 'कॅनडा गूज' असं लिहिलं की कॅनडाचं काही गुपित आहे असं वाटतं. चांगला, जिवंत शब्द आहे तो. त्यावर दुसरा अर्थ लादू नये.

एक हरकत

कलहंस पटला, राजहंस नाही. अमरकोशात राजहंसाची खूण स्पष्ट दिली आहे : अंग पांढरं, चोच आणि पाय तांबडे. लंडनच्या स्वानची चोच नारिंगी असते खरी, पण पाय काळे! मग तो राजहंस कसा?

त्यावर

हरकत योग्य आहे. त्या व्याख्येत स्वान बसत नाही. त्याच खुणेवरून काही जण राजहंस म्हणजे फ्लेमिंगो असंही मानतात. पण त्याला मराठीत रोहित हे सुंदर नाव आहे, ते सोडायची गरज नाही. कोशातला अर्थ आणि आज रूढ झालेला अर्थ वेगळे असू शकतात. आज मराठी वाचणारं मूल राजहंस म्हटलं की स्वानच समजतं. शिवाय इंग्लंडात या पक्ष्याचा राजाशी खरोखर संबंध आहे. तिथल्या मोकळ्या पाण्यातल्या, खूण न केलेल्या मूक हंसांवर राजाचा हक्क मानला जातो. दर जुलैत थेम्सवर होड्या घेऊन हंस आणि त्यांची पिल्लं मोजतात, त्यांची तब्येत तपासतात. द्राक्षमद्याचे व्यापारी आणि रंगारी यांच्या दोन जुन्या संघांनाही पंधराव्या शतकापासून हंस बाळगण्याचा मान आहे.

नागपूरहून

आमच्याकडे पक्षी बघणारे कलहंस म्हणत नाहीत. हिवाळ्यात जिल्ह्यातल्या तलावांवर येतो तो पट्टकदंब. फिकट डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून पट्ट; आणि कदंब हा 'कादंब'वरून. मग कॅनडाचा कादंब का म्हणू नये?

त्यावर

जरूर म्हणावं. अमरकोशात कादंब आणि कलहंस एकाच पक्ष्याची नावं आहेत. यादीत, जातीच्या नावात कादंब शोभतो, कारण पट्टकदंब आधीच रुळला आहे. लहान मुलीशी बोलताना कलहंस सोपा, कारण त्यात ओळखीचा हंस आहे.

मूळ प्रश्नकर्ती

कलहंस घरात लागू झाला! हाइड पार्कात डोळ्याभोवती तपकिरी डाग असलेला 'इजिप्शियन गूज' दिसतो, तोही कलहंसच ना? आणि बदकांची वेगळी नावं आहेत का?

उत्तर

नाही ताई, तो फक्त नावाचा गूज. मूळचा आफ्रिकेचा, आणि नात्याने आपल्या चक्रवाकाच्या जवळचा. त्याला 'इजिप्तचा चक्रवाक' म्हटलंत तर इंग्रजीपेक्षा मराठी नाव अधिक खरं ठरेल.

बदकांची नावं भरपूर आहेत, आणि बरीचशी बदकं दोन्हीकडची. चपट्या, पुढे रुंद होणाऱ्या चोचीचा थापट्या. डोक्यामागे तुरा असलेलं काळं-पांढरं शेंडी बदक. तांबड्या डोक्याची लालसरी. ही हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतात, त्यामुळे सुट्टीत इकडे आलात तर लेकीला तीच नावं पुन्हा वापरता येतील. लंडनमध्ये थापट्या बघायचा असेल तर हिवाळ्यात बार्न्सला जा. तिथे जुन्या जलाशयांच्या जागी 2000 साली पाणथळ पक्ष्यांचं केंद्र सुरू झालं आहे.

आणि त्यांच्यात पोहणारा, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी बदक नव्हे. त्याची बोटं जोडलेली नसतात, प्रत्येक बोटाला वेगळी झालर असते. इंग्रजीत तो कूट, मराठीत वारकरी.