हॅलोविनसाठी रक्तासारखे लाल पंच: धूर कसा काढावा?

प्रश्न:
आम्ही न्यू जर्सीत राहतो. ३१ ऑक्टोबरला दारोदार फिरून चॉकलेटे गोळा केल्यावर बच्चेकंपनी आमच्याकडे जमणार असून, मोठी माणसे धरून पंचवीसेक जण होतील. त्यांच्यासाठी मद्यविरहित फळांचे पंच, म्हणजे रस मिसळून केलेले पेय, करायचे आहे. ते दिसायला भीतिदायक असावे, पण फार गोड नसावे, कारण त्या दिवशी मुलांच्या पोटात साखर आधीच भरपूर गेलेली असते. पंचमधून धूर निघालाच पाहिजे, असा मुलांचा हट्ट आहे. त्यासाठी ड्राय आइस थेट पेयात टाकता येतो का?

प्रतिसाद १:
क्रॅनबेरीचा रस दोन लिटर, ॲपल सायडर (इथे मिळणारा सफरचंदाचा न गाळलेला, मद्यविरहित रस) दीड लिटर, जिंजर एल (आल्याच्या स्वादाचे फेसाळ शीतपेय) दोन लिटर आणि चार लिंबांचा रस एवढ्यात पंचवीस जणांना प्रत्येकी एक पेला सहज पुरेल. सायडर पाश्चराइज्ड आहे ना, हे बाटलीवर वाचून घ्यावे. संत्र्याचा रस मात्र घालू नये, कारण त्याने गडद लाल रंग जाऊन गढूळ विटकरी छटा येते. जिंजर एल पाहुणे आल्यावरच ओतावे, नाहीतर फेस आधीच निघून जातो.

पावडर नसलेल्या हातमोज्यात क्रॅनबेरीचा रस भरून, मनगटाशी गाठ मारून तो रात्रभर गोठवला, तर पंचमध्ये तरंगणारा तुटका हात तयार होतो आणि तो वितळला तरी पेय पाणचट होत नाही. मोजा ओढून काढू नये, बोटे हमखास मोडतात. नळाखाली क्षणभर धरून कात्रीने कापावा.

प्रतिसाद २:
ड्राय आइस थेट पेयात टाकू नये, असेच मी सांगेन. हा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असून त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याचा एखादा तुकडा पेल्यात येऊन गिळला गेला, तर तोंड, घसा आणि पोट यांना गंभीर इजा होऊ शकते, आणि पंचवीस जणांच्या गर्दीत प्रत्येक पेल्यावर लक्ष ठेवणे कोणालाही शक्य नाही. त्याऐवजी एका मोठ्या परातीत पंचचे भांडे ठेवून, भोवतीच्या जागेत ड्राय आइसचे तुकडे टाकावेत आणि त्यांवर कोमट पाणी ओतावे. हा धूर जड असल्यामुळे तो टेबलावरून खाली ओघळतो आणि भांड्यातून निघणाऱ्या धुरापेक्षा कितीतरी अधिक भीतिदायक दिसतो. तुकडे जाड हातमोजे घालून चिमट्यानेच उचलावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि उरलेला ड्राय आइस झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात कधीही ठेवू नये, कारण आत वायूचा दाब वाढून डबा फुटू शकतो. परात मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी असावी, हे ओघाने आलेच.

प्रतिसाद ३:
गोडी कमी हवी असेल, तर थोडा क्रॅनबेरीचा रस कमी करून सुक्या कोकमांचे कोमट पाण्यात उतरवलेले पाणी घालून पाहावे; रंग अधिक गडद होतो. आगळ मात्र नको, त्यात मीठ असते.

प्रश्नकर्ती:
परातीची युक्ती मुलांनाही पटली. डोळ्यांसारखे दिसावे म्हणून लिचीत ब्लूबेरी खोचून पंचमध्ये सोडणार आहे. चालेल ना?

प्रतिसाद २:
मोठ्यांसाठी जरूर सोडावेत. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या पेल्यात मात्र अख्खी लिची किंवा द्राक्षे जाऊ देऊ नयेत, ती घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी फळे न घालता पंच वेगळ्या जगमध्ये काढून ठेवावे.