एम.एस. असताना कोलाडला राफ्टिंगला जावे काय?

वाघूरकाठ, जळगाव
मला रिलॅप्सिंग-रेमिटिंग, म्हणजे झटके येऊन ओसरणाऱ्या प्रकारचा मल्टिपल स्क्लेरोसिस (एम.एस.) हा मज्जासंस्थेचा आजार असून औषधांमुळे तो सध्या आटोक्यात आहे. डावे पाऊल अधूनमधून बधिर होते, आणि वैशाखात आपल्याकडचा पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारी दिसणेही धूसर होते. डिसेंबरात, म्हणजे इकडे भरीत पार्ट्या रंगतात त्या दिवसांत, कार्यालयातील मंडळी कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला जाणार आहेत. राफ्टमध्ये सर्वांना एका तालात वल्ही मारावी लागतात; मी मध्येच थकले तर इतरांचा विरस होईल, ही धास्ती पाण्याच्या भीतीहून मोठी आहे. आईचा तर ठाम नकार आहे. जाणकारांनी सल्ला द्यावा.

फिजिओ_भुसावळ
उन्हात धूसर दिसणे म्हणजे आजाराचा नवा झटका नव्हे. एम.एस.मध्ये मज्जातंतूंवरचे मायलिन नावाचे संरक्षक आवरण झिजते; अशा मज्जातंतूंतून संदेश जाणे शरीराचे तापमान किंचित वाढले तरी मंदावते आणि अंग थंड झाले की पूर्ववत होते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये याची नोंद केली होती. मात्र ताप वा संसर्ग नसताना नवी तक्रार 24 तासांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावेच. भिरा येथील जलविद्युत केंद्राचे पाणी कुंडलिकेत सकाळी सुटते आणि राफ्ट त्यावरच निघतात, त्यामुळे दुपारचे ऊन बहुतांशी टळेल. आपल्या कोरड्या हवेत ओले उपरणे गळ्याभोवती घेतले की लगेच गारवा मिळतो. कोकणच्या दमट हवेत तो तितका मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पांझरा_धुळे
मलाही एम.एस. आहे. माझ्या मते आपली खरी परीक्षा नदीत नव्हे, प्रवासात आहे. रात्रभर गाडीत अवघडून थेट नदीवर जाण्यापेक्षा एक दिवस आधी पोहोचून पुरेशी झोप घ्यावी. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आपण मंडळी पाणी कमी पितो, तेही करू नये. आणि विरसाचे म्हणाल, तर एक वल्हे थांबल्याने राफ्ट थांबत नाही. सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवले म्हणजे झाले.

सातपुडा_यावल
मी राफ्टिंग केले आहे, म्हणून पावलाविषयी लिहितो. काठावर बसून पाय आडव्या फुगीर नळीखाली रोवूनच तोल सांभाळावा लागतो. बधिर पाऊल नीट रोवले गेले की नाही हे कळत नाही, आणि फार आत अडकले तर राफ्ट उलटल्यावर ते वेळेवर सुटत नाही. हे गाइडला निघण्यापूर्वीच सांगावे आणि काठावर पाऊल रोवून व काढून दाखवावे. त्याने नको म्हटले तर वाद घालू नये. पाण्यात पडल्यास उताणे होऊन पाय वर, प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत. आपले औषध प्रतिकारशक्ती कमी करणारे असेल, तर नदीचे पाणी पोटात जाण्याविषयी न्यूरॉलॉजिस्टना अवश्य विचारावे.

वाघूरकाठ, जळगाव
सर्वांचे आभार. पुढील तपासणीत डॉक्टरांना विचारते आणि त्यांचा होकार मिळाल्यावरच पैसे भरते. आईलाही त्या वेळी सोबत नेणार आहे, म्हणजे तिच्या शंका तिलाच विचारता येतील.